जुन्या गाडीची वॉरंटी: वगळलेली यादी आधी वाचा

महोदय,

सर्टिफाइड (विक्रेत्याने तपासून प्रमाणित केलेल्या) जुन्या गाडीच्या वॉरंटीसाठी जादा पैसे मोजण्याआधी तिच्यात काय बसत नाही ते वाचावे. संरक्षण बहुधा इंजिन-गिअरबॉक्सच्या आतल्या भागांना असते. क्लचप्लेट, ब्रेकपॅड, बॅटरी, सस्पेन्शनचे रबरी बुश सहसा वगळलेले. आणि घाटात आधी झिजतो तो क्लचच! ठरलेली सर्व्हिस चुकली, तरी दावा फेटाळला जाऊ शकतो.

सांगलीत खरा धोका पुराचा. २०१९ आणि २०२१ मध्ये पाण्यात गेलेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत दिसते, पण वायरिंगच्या जोडांना चढलेला गंज महिन्यांनी त्रास देतो, आणि पाण्याचे नुकसान वॉरंटीत सहसा नसतेच. सीटबेल्ट पूर्ण ओढून टोकाशी गाळाचा डाग आहे का पाहा. कार्पेट उचलून सीटचे रूळ आणि स्टेपनीचा खड्डा तपासा. विमा दाव्यांचा इतिहासही मागा.

ओळखीच्या मेकॅनिककडून बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून घेतला, इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासले, तर साध्या पेट्रोल-मॅन्युअल गाडीला वॉरंटीची फारशी गरज नाही. ऑटोमॅटिक किंवा टर्बो डिझेलला मात्र घ्यावी. डिझेलला तीही टर्बो आणि इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) ही नावे करारात लिहिलेली असतील तरच.

– एक वाचक, सांगली