संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

मनू,

रविवारी मी पाना तिथेच टाकून निघून आलो आणि रागाच्या भरात तुझ्या त्या रंगाने माखलेल्या स्लीपर घालून घरी पोचलो. त्या इथेच आहेत. माझ्या चपला तुझ्या बसखाली असतील, बघ. आई म्हणाली फोन करू नका, फोनवर तुम्ही ओरडता, लिहून पाठवा. म्हणून एका बोटाने टाइप करतोय, चुका असतील तर समजून घे. दाराबद्दल काहीही लिहिणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

जे त्या दिवशी बोलायचं राहिलं ते आधी. जुन्या बसचं घर करायचं तुझं काम मी नीट बघितलंय. सीटा काढल्या की लोक खालचं प्लाय तसंच ठेवतात आणि वरून चकाचक फ्लोरिंग मारून मोकळे होतात. तू सगळं प्लाय उचकटलंस. मागच्या चाकाच्या कमानीपाशी स्क्रूड्रायव्हर आरपार गेला तेव्हा तू फोटो पाठवलास आणि खाली एकच शब्द लिहिलास, 'बाबा'. मला वाटलं झालं, आता सोडून देणार ही. पण तू तेवढा गंजका पत्रा कापलास, नवा जोडलास, ग्राइंडर मारून प्रायमर लावलास, कडेने सीलंट भरलंस. वेल्डिंगचा टाका एकसारखा नाहीये, पण माझा पहिला टाका कसा होता ते नानांना विचार.

आणि ते बॅटरीचं. मी म्हणालो दोनपैकी एकीवरून बारा व्होल्ट काढ आणि पंखा लाव, ३१ वर्षं आम्ही तेच करत आलो, तर तू मला हाताला धरून खाली बसवलंस आणि समजावलंस की गाडी २४ व्होल्टची आहे, दोन्ही बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला पुढे दुसरी अशा जोडलेल्या आहेत, एकीवरूनच ओढत राहिलं की ती कायम अर्धी भरलेली राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, शेवटी दोन्ही मरतात. आमच्या डेपोत बॅटऱ्या का मरायच्या ते मला रिटायर झाल्यावर कळलं, तेही पोरीकडून. चार जणांना सांगून झालंय माझं. तुला तेवढं सांगितलं नव्हतं.

बसमधल्या घरासाठीच्या बॅटरीपासून वायर निघते तिथे वीतभर अंतरात फ्यूज टाकलायस, तेही बघितलं. इतक्या बारीक गोष्टीचा विचार करणारी पोरगी मागचं दार... जाऊ दे. म्हटलं ना लिहिणार नाही.

दुसरं काही लिहितो. टायर. नक्षी शिल्लक आहे म्हणून खूश होऊ नकोस, बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात ते वाच, पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. ३२१४ असेल तर २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा, आणि तसला टायर कितीही टणक दिसला तरी मला हायवेवर नको. गाडी कितीतरी महिने उभी आहे, ब्रेकच्या हवेच्या टाक्यांत पाणी साचलं असणार, खालचे ड्रेन कॉक उघडून सगळं जाऊ दे. हवा गेली की मागच्या चाकांचे ब्रेक स्प्रिंगने आपोआप आवळतात, ते सोडवायला खाली शिरलीस तर आधी चाकांना गुटके लाव. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास नको, घोडे म्हणजे लोखंडी टेकू लाव. वजनाची मला तशी काळजी नाही, ही गाडी पन्नास माणसं घेऊन पळायची, साठ किलोने धरलीस तरी तीन टन झाले, तुझं घर तेवढं भरणार नाही. पण माणसं दोन्ही बाजूंनी बसतात, तुझी पाण्याची टाकी, ओटा आणि कपाट तिन्ही उजवीकडे आलंय. ३०० लिटर म्हणजे ३०० किलो. टाकी दोन्ही अॅक्सलच्या मधे आणि खाली घे, बॅटऱ्या डावीकडे ने.

बघ, झालं सुरू लेक्चर. आई मागून वाचतेय आणि हसतेय. सॉरी. तुला यातलं निम्मं माहीत आहे, उरलेलं तू शोधून काढशील, मला माहितीये.

गॅसचं मात्र सांगणारच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत पसरतो, आणि धूळ येऊ नये म्हणून तू फरशीतलं एकूण एक भोक बंद केलंयस. सिलिंडरचा कप्पा आतून पूर्ण सीलबंद पाहिजे आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारी जाळी पाहिजे. दादाने पाठवलेला अलार्म कार्बन मोनॉक्साइडचा आहे, त्याला गॅसचा वास कळत नाही, तो उशाशी लाव आणि गॅसचा दुसरा घेऊन खाली जमिनीपाशी लाव. तुझ्या भिंतींत फोम आहे. तो पेटला की ज्वाळा यायच्या आधी धूर येतो आणि त्या धुरात सायनाइड असतं. ओटा आहे मधे. तू झोपणार ओट्याच्या मागे. पुढचं दार ओट्याच्या पलीकडे. मग मला सांग, रात्री ओट्यापाशी काही झालं तर तू जाणार कुठून?

आलोच शेवटी तिथे. आता लिहूनच टाकतो.

तू म्हणालीस, बाबा, घराला एकच दार असतं. असतं ना, पण घर म्हणजे अडीच मीटर रुंदीचा बोळ नसतो. खिडक्या आहेत म्हणालीस. मोठ्या खिडक्यांना तू पत्रा मारलास, उरल्या त्या सरकत्या, त्यातून तुझं डोकं जाईल, खांदे जाणार नाहीत. छतावरच्या झरोक्यात पंखा बसवलास. राहिलं मागचं दार, त्याच्यावर आतून प्लाय आणि पुस्तकांचं कपाट, त्याला टेकून आडवा पलंग. आणि वर मला म्हणालीस 'ही आता तुमची गाडी नाही, माझं घर आहे'. बरोबर आहे. लागलं, पण बरोबर आहे.

तुला तो खेळ आठवतो का? सुट्टीत डेपोत आलीस की मी तुझे डोळे रुमालाने बांधायचो आणि तू डाव्या हाताने सीटच्या दांड्या मोजत मागे जायचीस, अकरा झाल्या की हात पुढे, हँडल वर. दार धाडकन उघडायचं आणि मी बाहेर उभा असायचो तुला झेलायला. अकरा सीटांना तू एकदाही चुकली नाहीस. लाल अक्षरं तुला वाचता यायच्या आधी पाठ होती, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग', आणि तू संकटकाळीला संकष्टकाळी म्हणायचीस.

तो खेळ मी का लावला ते कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही, आत्ता वाचेल ती. तू चार-पाच वर्षांची होतीस. एका गाडीचं मागचं दार खडखडतं म्हणून तक्रार आली, लॅच झिजलं होतं, नवं स्टोअरमध्ये नव्हतं. मी तार घेतली, हँडलमधून दोनदा फिरवली, पकडीने पीळ दिला आणि गाडी सोडली. म्हटलं लॅच आलं की बघू. लॅच आलं असेल, मी विसरलो. दोन महिन्यांनी तू आणि आई मामाकडून आलात आणि तू पायरीवरून उतरायच्या आधीच मला गाडीचा नंबर दिसला. मागच्या सीटवर बसून आलात तुम्ही, साडेपाच तास. काही झालं नव्हतं. कुणालाच काही झालं नव्हतं. त्याच रात्री जाऊन मी तार काढली, पीळ गंजून घट्ट बसला होता, सुटेना, तेव्हा कापताना हे डाव्या अंगठ्याचं झालं. पत्र्याने कापलं असं सांगितलं होतं घरी.

रविवारी तू ते प्लाय दारावर धरून मला म्हणालीस, बाबा, जरा स्क्रू द्या. म्हणून मी तसा ओरडलो. तुझ्यावर ओरडलो नव्हतो गं. पण ऐकलंस तू, त्याची माफी मागतो.

कागदावर काढलंय मी. पलंग चार फुटी, आडवा नको, डाव्या अंगाला उभा. पायथ्याशी दोन फूट मोकळे ठेवायचे, म्हणजे दार पूर्ण उघडतं आणि ओट्यापासून तिथपर्यंत सरळ गल्ली राहते. कपाट पलंगाच्या वर जातं. पुस्तकांचे दोन खण कमी होतात, ते मी पलंगाखाली करून देतो, खणाच्या पट्ट्याही मीच बसवतो. बाहेरून दारावर सायकलचा स्टँड लावायचं तुझ्या ड्रॉइंगमध्ये आहे, तो बाजूला घे. जमिनीपासून उंची मीटरभर तरी आहे, तिथून उडी मारायची तर खाली काही नको. बाकी घर तुझं, रंग कुठलाही दे, तो मोरपंखीसुद्धा चालेल.

शनिवारी येऊ का? नको असेल तर तसं सांग, मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण येणार नाही. तोपर्यंत एक कर, आज रात्री लाइट बंद करून ते हँडल आतून उघडून बघ. सीटा नाहीत आता मोजायला, तर भिंतीला हात लावून पावलं मोज आणि किती भरतात ते मला कळव.

बाबा

ता. क. हँडल जड लागलं तर तेल सोडू नकोस, ते ओघळून जातं. ग्रीस मी घेऊन येतो. स्लीपरपण.