१९०४ च्या फोल्डरमधून आमचे व्हिडिओ परत आणणाऱ्यास

आदरणीय महोदय,

स. न. वि. वि.

घरच्या व्हिडिओंची नावे आपोआप बदलून ते वर्षवार लावावेत म्हणून मी एक तयार स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा संगणक-प्रोग्राम, चालवली आणि सहाशेहून अधिक व्हिडिओ ‘१९०४’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये जाऊन पडले. मुलीची पहिली पावले असोत की वडिलांची एकसष्टी, प्रत्येक फाइलच्या नावात १ जानेवारी १९०४ हीच तारीख होती.

आपल्याआधी ज्यांच्याकडे मी मदत मागितली, त्यांच्यापैकी एकाने बॅकअप का घेतला नव्हता, एवढेच खडसावून विचारले. दुसऱ्याने तर व्हिडिओंसोबत कॅमेऱ्याने बनवलेल्या, मागे उरलेल्या छोट्या टीएचएम फाइली म्हणजे कचरा आहे, त्या पुसून टाका, असे ठामपणे सांगितले. त्याचे ऐकले असते तर सारेच संपले असते, हे आठवले की अजूनही छातीत धस्स होते. आपले पहिलेच वाक्य होते, ‘काहीही पुसू नका.’ एमपी४ फाइलमध्ये वेळ १९०४ च्या आरंभापासूनच्या सेकंदांत मोजतात, व्हिडिओ लहान करताना कन्व्हर्टरने त्या जागी शून्य ठेवले आणि स्क्रिप्टने त्या शून्यालाच तारीख मानले, हे आपण मला समजेल अशा भाषेत सांगितलेत. खरी तारीख कॅमेऱ्याने व्हिडिओसोबत लिहून ठेवलेल्या त्या चिमुकल्या टीएचएम फाइलींतच होती.

पुढचे सारे काम आपण एक्झिफटूल या फाइलींतल्या तारखांसारख्या नोंदी वाचणाऱ्या प्रोग्रामने केलेत, परंतु एकाही फाइलचे नाव बदलण्याआधी जुन्या-नव्या नावांची यादी माझ्याकडे पाठवलीत आणि मी ‘हो’ म्हणेपर्यंत थांबलात. मला ती वाचायला चार दिवस लागले. आपण एकदाही घाई केली नाहीत.

त्या यादीतल्या एका ओळीपाशी मी अडलो. आईच्या व्हिडिओवर १ जानेवारी २००८ ही तारीख होती, पण तिच्या मांडीवर माझी मुलगी होती आणि मुलीचा जन्म २०१० चा. मी भीत भीतच हे कळवले, कारण यंत्राच्या नोंदीपुढे माझ्या आठवणीला कोण विचारणार, असे वाटत होते. आपण उत्तर दिलेत, ‘बॅटरी पूर्ण उतरल्यावर कॅमेऱ्याचे घड्याळ मागे गेले असणार. तुम्ही सांगाल तेच वर्ष लिहू.’ जाणकार माणसाने समोरच्याच्या शब्दावर इतक्या सहज विश्वास ठेवावा, हा सज्जनपणा मला या सबंध प्रकरणात इतर कोणाकडूनही मिळाला नव्हता.

आई आता नाही. तो व्हिडिओ आज २०११ च्या फोल्डरमध्ये आहे. त्याच्या नावात महिना आणि दिवस नाहीत, कारण ते मला आठवले नाहीत आणि आपणही ते अंदाजाने घातले नाहीत.

कळावे,

आपला ऋणी