आकडा मोठा म्हणजे कान वाचला असं नसतं

संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांनी कानाला काय लावावं यावर अर्धं पान आलं होतं. वाचून बरं वाटलं, कारण या विषयाकडे सगळे कानाडोळाच करतात (कानाकडे कानाडोळा, असो). पण त्यातला तक्ता बघून राहवेना म्हणून लिहितोय. तक्त्यात इअर प्लग (कानात घालायचे बोळे) आणि इअरमफ (कानांवर बसणाऱ्या गादीच्या वाट्या) पाकिटावरच्या डेसिबलच्या आकड्याप्रमाणे, म्हणजे किती आवाज कापतो त्याप्रमाणे, वरून खाली लावलेत, आणि खाली सल्ला काय तर परवडेल त्यातला सगळ्यात मोठा आकडा घ्या. मी 22 वर्षं फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ग्राइंडर चालवतोय. मीही असाच मोठा आकडा बघून घ्यायचो, आणि माझे कान गेले तेव्हा ते मोठ्या आकड्याचे प्लग माझ्या खिशातच होते.

गेले म्हणजे ठार बहिरा नाही झालो. दोन वर्षांपूर्वी सोबतच्या माणसाने लांबून ओरडून सांगितलं की साठ बोल्ट काढून ठेव, मी नीट मोजून आठ काढून ठेवले. त्याला वाटलं मी मस्करी करतोय, मला वाटलं तो करतोय, बराच वेळ हुज्जत झाली. मला त्यातला 'स' आलाच नव्हता हो! मग कान तपासून घेतले तर ग्राफ चांगला सरळ चाललेला आणि 4000 हर्ट्झपाशी, म्हणजे उंच बारीक सुरापाशी, एकदम खड्डा. डॉक्टरांनी पेनाने तो खड्डा दाखवला आणि विचारलं, मशीनवर काम करता ना. आवाजाने जाणारा कान पहिल्यांदा 3000 ते 6000 हर्ट्झच्या आसपासच जातो, आणि स, श, फ ही बारीक अक्षरं उंच फ्रिक्वेन्सीवरच चालतात, त्यामुळे समोरचा बोलतोय हे ऐकू येतं पण काय बोलतोय ते कळत नाही, आणि घरचे म्हणतात तुमचं लक्षच नसतं. आतल्या कानातल्या ज्या बारीक केसांच्या पेशी मरतात त्या माणसात परत उगवत नाहीत. आधी संध्याकाळी कानाला दडे बसायचे, रात्री बारीक शिट्टी वाजायची, सकाळी उठलं की मोकळं, म्हणून मी समजायचो की कान ठीक होतात. तीच नोटीस होती, मी वाचली नाही.

आता आकड्याचं. पाकिटावर 33 लिहिलंय म्हणून 100 डेसिबलमधून 33 गेले, उरले 67, इतकं सोपं ते नाही. तो आकडा प्रयोगशाळेत निघतो, तिथे माणूस शांत बसलेला असतो आणि प्लग नीट बसवलेला असतो. अमेरिकेत सेफ्टीवाले पाकिटावरच्या आकड्यातून आधी 7 वजा करतात आणि जे उरेल त्याचं पुन्हा अर्धं धरतात, म्हणजे 33 चे झाले 13, आणि 100 चा आवाज कानात 87 ने शिरतोय असं समजून चालायचं. युरोपातल्या पाकिटांवर वेगळ्या पद्धतीने काढलेला आकडा असतो, त्यामुळे दोन देशांतली दोन पाकिटं शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही, आणि तुमच्या तक्त्यात नेमकं तेच झालंय.

पण खरी मेख आकड्यात नाहीच, ती वेळेत आहे. 85 डेसिबलला आठ तास हा सर्वसाधारण धोक्याच्या अलीकडचा हिशोब, आणि दर 3 डेसिबलला वेळ अर्धा होतो. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, असं करत 100 ला फक्त 15 मिनिटं. आता समजा शेडमध्ये दिवसभर 100 आहे आणि तुम्ही खरोखर 30 कापणारे प्लग लावलेत, पण फोन आला काढले, सुपरवायझर बोलायला आला काढले, घाम आला, खाज सुटली, काढले, सगळं मिळून आठ तासांत अर्धा तास. संपलं! त्या अर्ध्या तासात दिवसाचा दोनदा कोटा झाला आणि तुमच्या 30 च्या प्लगने दिवसाचा हिशोब धरला तर जेमतेम 12 चं काम केलं. अर्धा दिवस काढून ठेवले तर 3 चं. म्हणून मी आता नवीन पोरांना सांगतो की जो तू दिवसभर काढणार नाहीस तो घे, भले आकडा 22 असो.

आता न काढणारा कुठला हे ज्याच्या त्याच्या कामावर. सतत काढघाल करावी लागत असेल तर फोमचे प्लग घेऊच नका, दर वेळी काळ्या हातांनी ते वळून कानात घालणार म्हणजे कान फुटायची सोय, तिथे इअरमफ किंवा मानेत अडकवायचा पट्टेवाला प्रकार बरा. चष्मा असेल, दाढी असेल, लांब केस असतील तर मात्र मफची गादी नीट टेकत नाही, चष्म्याच्या काडीपाशी बारीकशी फट राहते आणि आवाजाला तेवढीच पुरते, अशांनी प्लग वापरावेत. मफची गादी वर्षानुवर्षं तीच वापरू नका, कडक झाली, चिरली की बदलायची.

फोमचा प्लग घालायला मला कोणी शिकवलंच नव्हतं, अकरा वर्षं मी तो बूच लावल्यासारखा दाबत होतो आणि अर्धा बाहेर डोकावत होता. हात धुवून बोटांत वळून वळून सळईसारखा बारीक करायचा, सुरकुती पडू द्यायची नाही, मग उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, त्याने आतली वाट सरळ होते, आणि प्लग आत सरकवून 20-30 सेकंद बोटाने धरून ठेवायचा, तो फुगेपर्यंत. सगळे पाचव्या सेकंदाला बोट काढतात. बसला की नाही हे बघायचं तर काहीतरी बोला, स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा आला पाहिजे, आणि चालू मशीनजवळ दोन्ही तळहात कानांवर झाकून बघा, झाकल्यावर आवाज एकदम पडला तर प्लग गळतोय. दोन कानांची भोकं सारखी असतातच असं नाही, माझ्या डाव्याला लहान साइज लागते.

कापसाच्या बोळ्यांवर तर काही लिहावं असंही वाटत नाही. 1907-08 च्या सुमारास बर्लिनच्या माक्स नेगवेर नावाच्या औषधविक्रेत्याने कापूस आणि मेणाचे बोळे बाजारात आणले, नुसत्या कापसाने भागत असतं तर त्याने मेण कशाला घातलं असतं?

तुमच्या लेखात आणखी एक गोष्ट आलीच नाही, गरजेपेक्षा जास्त कापणं. कानात 75 ते 80 डेसिबल पोचले की पुष्कळ, 70 च्या खाली गेलं की माणूस एकटा पडतो, मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टचा बीप बीप ऐकू येत नाही, ग्राइंडरची चकती चिरलीय हे आवाजावरून कळायचं ते कळत नाही, आणि मग तो वैतागून प्लग काढतो म्हणजे पुन्हा तेच. 90 च्या जागी 33 चा प्लग हा काही शहाणपणा नाही. उलट 100 च्या पुढे दिवसभर असेल तर प्लग आणि वरून मफ असं दोन्ही लावावं, पण तिथेही 30 आणि 25 मिळून 55 होत नाहीत, मोठ्या आकड्यात फार तर 5 मिळवायचे, कारण राहिलेला आवाज कवटीच्या हाडांतून आत जातोच.

आवाज किती आहे हे मोजायचं यंत्र नसलं तरी हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागतंय म्हणजे 85 च्या आसपास किंवा वर आहे असं समजा. मोबाइलचं अॅप चालतं पण त्यावर डोळे मिटून विश्वास नको.

आमच्यासारख्यांचं सोडा, स्टेजवर वाजवणारे, मैफिली रेकॉर्ड करणारे यांना फोमचा प्लग नकोच असतो कारण तो वरचे सूर जास्त खातो आणि सगळं पांघरुणाखालून ऐकल्यासारखं वाटतं, त्यांच्यासाठी फिल्टरवाले प्लग मिळतात जे सगळे सूर साधारण सारखेच खाली आणतात. बाइकवर लांब जाणाऱ्यांनीही विचार करावा, हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज हायवेच्या स्पीडला सहज 90 च्या वर जातो, हेल्मेटने तो थांबत नाही. आणि नॉइज कॅन्सलिंग हेडफोन लावून ड्रिल चालवणाऱ्या आमच्या एका शेजाऱ्याला मी कानीकपाळी ओरडून सांगतोय की ती वस्तू विमानातल्या घरघरीसाठी आहे, बारीक कर्कश आवाजावर आणि ठोक्यावर तिचा भरवसा नाही आणि तिच्यावर संरक्षणाचं रेटिंगही नसतं, पण त्याने हेडफोन लावलेले असल्याने त्याला ते ऐकू जात नाही.

तर विनंती एवढीच की तो तक्ता पुन्हा छापणार असाल तर आकड्यांच्या जागी एक फोटो छापा, डोक्यावरून उलटा हात नेऊन कान ओढलेला आणि दुसऱ्या हाताचं बोट प्लगवर धरलेलं. मोठा छापा, मला कात्रण काढून शेडमध्ये ग्राइंडरच्या वरच्या भिंतीवर चिकटवायचंय, पानाच्या मागे जाहिरात आली तरी चालेल.

आपला,
ग्राइंडरवाला एक वाचक