विटलेला पत्रा आणि बिलात न लिहिलेल्या गोष्टी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर, गळती थांबावी म्हणून, सहा वर्षांपूर्वी आम्ही भडक तांबडा रंगीत पत्रा बसवून घेतला. आज दक्षिणेकडच्या उतारावर तो फिकट गुलाबी दिसतो आणि पाण्याच्या टाकीच्या आडोशाला असलेला पट्टा मात्र जवळजवळ पहिल्यासारखाच गडद आहे. विक्रेत्याने ‘दहा वर्षांची गॅरंटी’ तोंडी सांगितली होती. विचारायला गेलो तेव्हा ती पत्र्याला गंजून भोक पडण्यापुरती होती, रंगासाठी नव्हती, असे उत्तर मिळाले. बिलावर ‘रंगीत पत्रा’, गेज (जाडीचा क्रमांक) आणि रक्कम यांखेरीज काहीही नाही.

रंग विटला म्हणून पत्रा निकामी झाला असे होत नाही, हे चौकशीअंती समजले. पत्र्यावरील रंगाचा वरचा थर साधारणपणे २० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाहूनही पातळ असतो. उन्हातील अतिनील किरणांनी त्यातील रंगकणांना बांधून ठेवणारे रेझिन हळूहळू तुटते, रंगकण मोकळे होतात आणि बोट फिरवले की खडूसारखी भुकटी लागते. वडोदरा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने येथे सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. रंगाच्या प्रकारांपैकी साधे पॉलिएस्टर अशा उन्हात लवकर विटते, सिलिकॉनयुक्त पॉलिएस्टर त्याहून अधिक काळ टिकते आणि पीव्हीडीएफ हे फ्लोरिनयुक्त रेझिन सर्वांत जास्त. शिवाय भडक लाल रंगातील सेंद्रिय रंगद्रव्यापेक्षा लोह ऑक्साइडचा विटकरी रंग उन्हात अधिक टिकतो. हे कोणी आधी सांगितले असते, तर आम्ही आनंदाने विटकरी पत्रा घेतला असता.

डागांची गोष्ट वेगळी आहे आणि तिकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. एकावर एक रचलेल्या पत्र्यांमध्ये पावसाचे पाणी अडकले तर रंगाखालच्या जस्ताच्या लेपावर पांढरा गंज धरतो. भोके पाडताना उडालेला लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून काढला नाही, तर पहिल्याच पावसात तांबूस ठिपके उमटतात आणि पुढे रंगाचा थर बिघडतो. एसीच्या तांब्याच्या नळीवरून ओघळणारे पाणी सतत एकाच जागी पडत राहिले, तर तेथील जस्त खाल्ले जाते. आमच्या गल्लीत अशी दोन-तीन छपरे तरी मी पाहिली आहेत. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवायला पत्र्यावर चढणाऱ्या मुलांच्या बुटांनी पडलेल्या ओरखड्यांवरही वेळीच रंगाचा हात फिरवायला हवा.

रंगीत जस्ती पत्र्यासाठी आय. एस. १४२४६ हे भारतीय मानक आहे. तेव्हा शहरातील विक्रेत्यांनी बिलावर पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये, जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियम-जस्ताच्या लेपाचे प्रति चौरस मीटर वजन आणि रंगाचा प्रकार लिहून द्यावा, तसेच रंगाची व गंजाची हमी स्वतंत्रपणे नमूद करावी, अशी माझी विनंती आहे. आपल्या वृत्तपत्राने हा विषय घेतल्यास पावसाळ्यापूर्वी पत्रे बदलणाऱ्या अनेक कुटुंबांना त्याचा उपयोग होईल. आम्ही येत्या दिवाळीआधी छप्पर सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, तेजाब किंवा तारेचा ब्रश न वापरता, नव्याने रंगवणार आहोत. या खेपेस रंगाचे नाव आणि हमी बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देणार नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक,
दांडिया बाजार, वडोदरा