लॉग केबिनचा मधला चौकोन

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत अमेरिकी क्विल्टवर, म्हणजे तिकडच्या गोधडीवर, आलेल्या लेखात ‘लॉग केबिन’ (ओंडक्यांचे घर) या मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडत जाणाऱ्या नमुन्याची ओळख करून दिली, याचा आनंद झाला; मात्र त्यातील मधल्या चौकोनाविषयी थोडे लिहिणे आवश्यक वाटते. लाल चौकोन म्हणजे घरातली धगधगती चूल, हा संकेत अमेरिकेत रूढ आहे आणि तो मानायला कोणाची हरकत नसावी. काळ्या चौकोनाची गोधडी बाहेर टांगली की पळून आलेल्या गुलामांना तेथे आसरा असल्याची ती खूण ठरे, ही कथा मात्र इतिहास म्हणून छापू नये. या नमुन्याच्या ज्ञात गोधड्या साधारणपणे १८६० च्या दशकापासून पुढच्या आहेत, तर पलायनाचे ते गुप्त मार्ग त्याआधी कित्येक वर्षे चालू होते. शिवाय अशा खुणेचा समकालीन पुरावाही अभ्यासकांना मिळालेला नाही.

शिवणाऱ्याला रंगाच्या अर्थापेक्षा त्याच्या उठावाची काळजी अधिक असावी. चौकोनाभोवती पट्ट्या जोडत जाताना लगतच्या दोन बाजू फिक्या आणि उरलेल्या दोन गडद ठेवतात. मधला तुकडा यांपैकी कोणत्याही बाजूशी मिळताजुळता असला, तर तो तिच्यात बुडून जातो. तयार पट्टी एक इंचाची असेल, तर मध्यभागी दोन इंचांचा चौकोन शोभतो, आणि त्यासाठी चारही बाजूंना पाव इंच शिवण धरून कापड अडीच इंचांचे कापावे लागते.

आपल्याकडे जुन्या साडीतला मोराचा बुट्टा या मधल्या चौकोनात बसवण्याचा मोह हमखास होतो. पण ‘स्ट्रेट फरो’ या सरळ तिरप्या पट्ट्यांच्या मांडणीत ब्लॉक, म्हणजे पट्ट्या जोडून तयार झालेले चौकोनी भाग, एकाआड एक उलटे फिरवलेले असल्याने निम्मे मोर उलटे होतात. ‘बार्न रेझिंग’ या एकात एक शंकरपाळ्यांच्या मांडणीत गोधडीच्या चार भागांतले ब्लॉक चार दिशांना फिरवले जातात, त्यामुळे पाव मोर उभे, पाव उलटे आणि निम्मे आडवे पडतात, जे कोणत्याही मोराला शोभणारे नाही. मांडणी आधी कागदावर काढली, तर चौकोन जोडतानाच त्याची दिशा बदलून घेता येते. नाहीतर चहूकडून सारखीच दिसणारी बारीक नक्षी निवडावी. खणाची नक्षी या मापाला छान बसते, पण त्याचे धागे सुटतात, म्हणून मागे मलमलीचा तुकडा लावून त्यावरच चौकोन आणि पट्ट्या शिवाव्यात. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक लॉग केबिन गोधड्याही अशाच आधाराच्या कापडावर शिवलेल्या आहेत.

लाल कापड निवडणाऱ्यांनी ते कापण्यापूर्वी धुवून, पांढऱ्या फडक्यावर ओले दाबून पाहावे. फडक्यावर रंग उतरला, तर शेजारच्या फिक्या पट्ट्यांचे काय होणार हे वेगळे सांगायला नको.

आपली विश्वासू,
एक वाचक, नाशिक