झाड पवित्र, मग फळाने काय घोडे मारले?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतील पवित्र वृक्षांवरचा लेख वाचला. लेखकाची भाषा ओघवती आहे, त्याबद्दल त्यांचे अभिनंदन. आता मुद्द्याकडे वळते. 'आपल्याकडे वृक्ष पूज्य, पाश्चात्त्यांकडे मात्र फळ, आणि तेही पापाचे' हे वाक्य आपण चौकट करून छापले आहे. चौकट नसती तर मी कदाचित पान उलटले असते.

अख्ख्या पानभर छाया, पारंब्या, प्रदक्षिणा आणि हल्ली हमखास येणारा प्राणवायू. फळाचे नाव नाही. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक ऋषी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाची सावली दाखवत नाही. 'फळ आण' म्हणतो. आणले. 'फोड.' फोडले. 'काय दिसते?' बारीक दाणे. 'त्यातला एक फोड.' फोडला. 'आता काय दिसते?' काहीच नाही. त्या न दिसणाऱ्या अणूतून एवढा वड उभा आहे, आणि तेच तू आहेस, बाळा. 'तत्त्वमसि' त्या अध्यायात नऊ वेळा येते. त्यातले हे एक, बोटांना वडाचा चीक लागलेल्या मुलाला सांगितलेले.

हे मी एवढ्या ठासून सांगते, कारण याच उताऱ्यापायी मी मेमो खाल्ला आहे. साल 1994, नववीचा वर्ग, संस्कृतचा तास. 'फळ आण, फोड' हे फळ्यावर खडूने लिहून शिकवायची मला लाज वाटली. मैदानाच्या कडेला वड होता, खाली लाल फळांचा सडा पडला होता. मुलांना तिथे नेले आणि म्हटले, फोडा. दाणे दिसायच्या आधी चिलटांहून बारीक किडे बाहेर आले. एक मुलगी किंचाळली, एकाने हातातले फळ थेट माझ्या पदरावर झटकले, आणि श्वेतकेतू राहिला बाजूलाच. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचा कागद आला : देवाच्या झाडाची फळे फोडायला लावून भावना दुखावल्याबद्दल लेखी खुलासा करावा. मी उपनिषदातला तो संवाद अध्याय-खंडासह उतरवून दिला. 'बाई, हे मराठीत द्या.' मराठीत दिले. 'हे कुणाचे मत?' म्हटले, उद्दालक आरुणींचे. ते कोणत्या शाळेवर असतात, एवढे तेवढे विचारायचे राहिले.

तक्रार करणारे पालक त्याच वडाला दरवर्षी सूत गुंडाळायला येत. सुताबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण सूत चालते आणि फळ चालत नाही, हे कुठून आले? आपल्या लेखकांच्या चौकटीतून आले असे म्हणावे, तर ती आता छापली आहे.

बरे, त्या किड्यांवरूनच तर पुढचा तास घ्यायचे माझ्या मनात होते. वड, पिंपळ, उंबर यांची फुले फळाच्या आतच असतात. म्हणून तर 'उंबराचे फूल' म्हणजे कधी दृष्टीस न पडणारी गोष्ट. चिमुकली गांधीलमाशी टोकाच्या भोकातून आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात, आत परागकण पोचवते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची पिल्ले त्या फळालाच जग समजून वाढतात. तुकोबांनी हेच घेतले आहे : उंबरातल्या किड्याला तेच ब्रह्मांड, आणि अशी उंबरे एका झाडाला किती, अशी झाडे किती! तो तास झाला नाही. मेमोनंतर वडाखाली न्यायला मी धजावले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते.

आता लेखकांनी जरा आठवून पाहावे. ऋग्वेदात एका झाडावर दोन पक्षी बसले आहेत, एक गोड 'पिप्पल' खातो आहे, दुसरा न खाता नुसता बघतो आहे. तिथे पिप्पल म्हणजे फळ. झाडाचे नाव म्हणून तो शब्द रूढ झाला तो नंतर. म्हणजे ज्या पिंपळाचे आपण एवढे स्तोत्र गाता, त्याचे नावच फळावरून पडलेले. 'चरैवेति', म्हणजे 'चालत राहा', हे तर आपल्या वर्तमानपत्रात महिन्यातून दोनदा कुणी ना कुणी लिहितो. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातल्या त्याच श्लोकात चालणाऱ्याला काय मिळते? मध, आणि गोड उंबर. ते कुणी लिहीत नाही. हिरण्यकशिपूला फाडल्यावर नृसिंहाच्या नखांची आग झाली, ती लक्ष्मीने आणलेल्या औदुंबराच्या फळांत नखे रोवून शमली, हे गुरुचरित्र वाचणाऱ्या घरात पोरासोरांना ठाऊक असते. पानात नाही, सालीत नाही, फळात.

राहिले पाश्चात्त्यांचे पाप. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात आदम आणि ईव्हने खाल्लेले ते फळ कोणते, हे सांगितलेलेच नाही. नुसते 'फळ'. यहुदी पंडितांनी द्राक्ष, अंजीर, अगदी गव्हापर्यंत तर्क केले. सफरचंद मागाहून चिकटले. लॅटिनमध्ये 'मालुम' हा शब्द एक स्वर लांबवला की सफरचंद आणि आखडला की वाईट, हे त्यामागचे एक कारण सांगतात. जर्मन चित्रकार ड्यूररने 1504 मध्ये सफरचंद कोरले, मायकेलँजेलोने सिस्टिन चॅपेलच्या छतावर अंजिराचे झाड रंगवले. फळ खाल्ल्यावर आदम-ईव्हने लाज झाकली ती अंजिराच्याच पानांनी. आणि अंजीर म्हणजे वड-पिंपळ-उंबराचे चुलत भावंड, एकाच फायकस वंशातले! एवढे आयते हाताशी असताना लेखकांनी सफरचंदाचे रंगीत चित्र टाकले. शिवाय सगळीच परदेशी फळे पापाची नसतात. कुराणातल्या पंचाण्णवाव्या अध्यायाची सुरुवातच अंजीर आणि ऑलिव्ह यांच्या शपथेने होते. उत्तरेकडच्या नॉर्स देवांना तर इडून देवीची सफरचंदे खाल्ल्याशिवाय तारुण्य टिकवता येत नाही.

चित्राचे निघालेच आहे तर, दुसऱ्या छायाचित्राखाली 'वटवृक्ष' छापले आहे. त्यातल्या पानाला बोटभर लांब शेपूट आहे. तो पिंपळ आहे. हे नववीतल्या त्या किंचाळणाऱ्या मुलीनेही सांगितले असते.

आणि जाता जाता : त्याच अंकातल्या शब्दकोड्यात आडवा शब्द क्र. 7, 'आदम आणि ईव्हने खाल्लेले फळ, पाच अक्षरे'. उत्तर काय अपेक्षित आहे ते मला कळते. मी पाचही चौकोन कोरे ठेवले आहेत, आणि त्यापायी माझे उभे दोन शब्द अडले आहेत.

आपली,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका