बार्बाडोसची पुळण आणि रिसॉर्टचे पाहुणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत कॅरिबियन बेटांवरील समुद्रकाठच्या रिसॉर्टांविषयी अधूनमधून लेख येतात आणि मी ते आवडीने वाचते. खोलीतून दिसणारा समुद्र, तरणतलाव, नाश्त्याचे पदार्थ आणि सूर्यास्त यांचे वर्णन त्यांत सविस्तर असते. परंतु ज्या पुळणीच्या आणि ज्या पाण्याच्या जिवावर हे सारे चालते ती पुळण कोणाची, ती टिकते कशामुळे आणि पाहुण्याने तिथे कसे वागावे, याबद्दल सहसा एक ओळही नसते. बार्बाडोसच्या पश्चिम किनाऱ्यावरील अशाच एका रिसॉर्टमध्ये आमच्या कुटुंबाचा नुकताच मुक्काम झाला. तेव्हापासून ही उणीव मला फार जाणवू लागली आहे, म्हणून हे पत्र.

बार्बाडोसमध्ये एकही समुद्रकिनारा खासगी नाही. रिसॉर्टची जमीन मालकाची असली, तरी तिच्यापुढची वाळू सर्वांची आहे आणि मोठ्या हॉटेलांच्या भिंतींमधून समुद्राकडे जाणाऱ्या अरुंद पायवाटा त्यासाठीच राखलेल्या असतात. पहाटे या वाटांनी बेटावरची वयस्कर माणसे समुद्रस्नानाला येतात. तिथे त्याला ‘सी बाथ’ म्हणतात आणि ती अनेकांची रोजची सवय आहे. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून गप्पा मारणारी मंडळी पाहिली की, हा किनारा त्यांच्या दिवसाचा केवढा भाग आहे हे लक्षात येते. ब्रिजटाऊनजवळच्या पेबल्स बीचवर तर गॅरिसनच्या मैदानावर धावणारे शर्यतीचे घोडेही सकाळी समुद्रात अंघोळीला आणतात. आमच्या रिसॉर्टमधील एका पाहुण्याने मात्र ‘बाहेरची माणसे आमच्या बीचवर येतात’ अशी तक्रार स्वागतकक्षात केली. तेथील कर्मचारी मुलीने अतिशय शांतपणे त्यांना सांगितले की, बीच सगळ्यांचा आहे, रिसॉर्टच्या आहेत त्या फक्त खुर्च्या. मला त्या मुलीचे कौतुक वाटले, आणि इतके पैसे मोजून आलेल्या माणसाला ही साधी गोष्ट आधी कोणीच सांगितली नव्हती याचे वाईटही वाटले.

कॅरिबियनमध्ये सर्वत्र अशी स्थिती नाही. जमैकात १९५६ चा, म्हणजे ब्रिटिश अमदानीतला, बीच कंट्रोल ॲक्ट अजूनही लागू आहे. त्याने भरती-ओहोटीच्या पट्ट्यावरील हक्क राजसत्तेकडे दिले आणि जनतेला किनाऱ्यावर जाण्याचा सर्वसाधारण हक्क दिला नाही. त्यामुळे रिसॉर्ट वाढत गेले तसतसे लहानपणापासून जिथे पोहले तिथेच जाता येत नाही, अशी वेळ तेथील अनेकांवर आली, आणि त्याविरुद्ध ते आज न्यायालयात आणि रस्त्यावर झगडत आहेत. बार्बाडोसचा खुला किनारा किती मोलाचा आहे, हे या शेजाऱ्याकडे पाहून कळते. १६२७ मध्ये इंग्रजांची वसाहत झाल्यापासून या बेटावरची बहुतेक जमीन उसाच्या मळेवाल्यांच्या हाती होती आणि मळ्यात राबणारी आफ्रिकी माणसे १८३० च्या दशकापर्यंत गुलाम होती. त्यांच्या वंशजांना समुद्राकाठी फाटक दिसू नये, ही अपेक्षा मला अगदी रास्त वाटते.

आता पाण्याखालच्या गोष्टीकडे वळते, कारण रिसॉर्टचे खरे वैभव तिथे आहे आणि जाहिरातीत ते कधीच येत नाही. पश्चिम किनाऱ्यावरील पाणी तळ्यासारखे शांत असते. बेटाच्या पूर्वेला बाथशेबा येथे अटलांटिकच्या लाटा खडकांवर आदळत असतात. पश्चिम बाजू वाऱ्याच्या आड येते, आणि शिवाय किनाऱ्यालगतच्या प्रवाळभित्ती लाटांचा जोर मोडतात. ती पांढरी, मऊ वाळूही बरीचशी प्रवाळांच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची आहे. पॅरटफिश नावाचा रंगीत मासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळखडक खरवडून त्यावरचे शेवाळ खातो आणि पोटात गेलेला दगड बारीक वाळू होऊन बाहेर पडतो. याचा अर्थ असा की, प्रवाळ मेले तर लाटा अडणार नाहीत, नवी वाळू होणार नाही आणि आहे ती वाहून जाईल. मग खोलीसमोर उरेल तो दगडी बांध.

हे प्रवाळ आज संकटात आहेत. १९८३-८४ मध्ये कॅरिबियनभर एका रोगाने काळे, लांब काट्यांचे सी अर्चिन मोठ्या प्रमाणावर मेले. शेवाळ खाऊन प्रवाळांना मोकळे ठेवणारे हे प्राणी नाहीसे झाल्यावर प्रवाळांवर शेवाळाचे थर चढले, आणि संख्या कुठे थोडी सावरत असताना २०२२ मध्ये पुन्हा तशीच साथ आली. पाठोपाठ २०२३ च्या उन्हाळ्यात समुद्र इतका तापला की, कॅरिबियनमधील प्रवाळ ठिकठिकाणी पांढरे पडले. त्यात सांडपाण्याची भर पडते, कारण त्यातील पोषक द्रव्यांवर शेवाळ फोफावते. बार्बाडोसच्या दक्षिण किनाऱ्यावर २०१७ आणि २०१८ मध्ये मैलापाण्याची यंत्रणा कोलमडून ते पाणी रस्त्यांवर आले होते. हॉटेलांच्या दाटीने भरलेल्या भागावरच ती वेळ आली, हे विसरता येत नाही. होलटाऊनजवळ फोकस्टोन येथे १९८१ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे मुखवटा लावून पाण्यात डोकावणाऱ्या प्रत्येकाने प्रवाळावर पाय टेकू नये आणि उन्हाच्या क्रीमऐवजी शक्यतो लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा, एवढे तरी आपण आपल्या वाचकांना सांगू शकतो. अमेरिकेच्या ताब्यातील व्हर्जिन बेटांनी तर प्रवाळांना घातक मानले जाणारे ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेल्या क्रीमवर २०२० मध्ये बंदीच घातली आहे.

कासवांबाबत तर पाहुण्याचे वागणे थेट परिणाम करते. बार्बाडोसच्या पश्चिम आणि दक्षिण पुळणींवर हॉक्सबिल जातीची कासवे, मुख्यतः मे ते ऑक्टोबर या काळात, रात्री अंडी घालायला येतात. पिल्ले बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने सरकतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राच्या पृष्ठभागाचा असतो, पण रिसॉर्टच्या बागेत प्रखर दिवे असतील तर ती उलटी, रस्त्याकडे जातात आणि चिरडली जातात. त्यामुळे आपल्या सज्जातला दिवा मालवणे आणि पडदा ओढणे हे पाहुण्याच्या हातचे आहे. होडीतून नेऊन कासवांना मासे चारायला लावणाऱ्या सहलींना मात्र मी ठामपणे नाही म्हणेन. माणसाकडून खाण्याची सवय लागलेले कासव होड्यांच्या जवळ येते आणि त्यांच्या पंख्यांत सापडते.

हंगामाविषयीही आपले लेख फारच मोघम असतात. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात आणि स्वस्त दर नेमके याच महिन्यांत मिळतात. बार्बाडोस इतर बेटांच्या पूर्वेला, जरा सुटे असल्याने बहुतेक वादळे त्याला वगळून जातात. १९५५ च्या जॅनेट वादळानंतर थेट २०२१ मध्ये एल्सा हे चक्रीवादळ तिथे धडकले. तरीही २९ जून २०२४ रोजी केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने विश्वचषक जिंकल्यानंतर आपला संघ बेरिल वादळामुळे तिथेच हॉटेलात अडकून पडला होता, हे वाचकांना आठवत असेल. त्या वादळाच्या लाटांनी ब्रिजटाऊनच्या बंदरातील मच्छिमार बोटींची जी मोडतोड केली, तिची बातमी आपल्याकडे विजयाच्या आनंदात फारशी कोणी वाचली नाही. सर्गासम हे तपकिरी सागरी शेवाळ २०११ पासून बहुतेक वर्षी पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यांवर येऊन साचते आणि कुजल्यावर त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. खोली निवडताना ती बेटाच्या कोणत्या बाजूला आहे हे विचारणे म्हणूनच आवश्यक आहे.

रिसॉर्टच्या फाटकाबाहेर पडणे बार्बाडोसमध्ये मुळीच अवघड नाही. ब्रिजटाऊन ते स्पाइट्सटाऊन हा रस्ता पश्चिम किनाऱ्याच्या कडेने जातो आणि निळ्या सरकारी बसचे भाडे साडेतीन बार्बाडियन डॉलर आहे. दोन बार्बाडियन डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर हा दर १९७५ पासून कायम आहे. खाणेपिणे धरून सर्व काही एकाच रकमेत देणारे रिसॉर्ट सोयीचे असतात हे मला मान्य आहे, विशेषतः लहान मुले बरोबर असताना. पण त्यामुळे पाहुणा बाहेर जेवतच नाही, आणि त्याच्या पैशाचा फारच थोडा वाटा मासेविक्रेत्या बाईपर्यंत किंवा भाजीवाल्यापर्यंत पोहोचतो. शुक्रवारी संध्याकाळी ऑइस्टिन्स येथे कोळी वस्तीजवळच्या टपऱ्यांवर ताजा मासा भाजून मिळतो. मक्याचे पीठ आणि भेंडी घोटून केलेले कूकू आणि उडणारे मासे हे तिथले राष्ट्रीय जेवण आहे. तिथे जेवल्याखेरीज बेट पाहिले असे मी म्हणणार नाही. जाता जाता एक सूचना: लष्करी छपाईचे कपडे घालणे त्या देशात नागरिकांना, अगदी मुलांनाही, कायद्याने मना आहे, तेव्हा ते सामानात घेऊच नयेत.

माझी विनंती अशी की, अशा प्रत्येक लेखाबरोबर आपण एक छोटी चौकट द्यावी: किनाऱ्यावर सर्वांना जाता येते का, तेथील प्रवाळ आणि कासवांसाठी कोणते नियम आहेत, वादळांचे आणि शेवाळाचे महिने कोणते, सार्वजनिक बस आहे का आणि स्थानिक माणसांकडे जेवायची सोय कुठे आहे. लेख रिसॉर्टच्या निमंत्रणावरून लिहिलेला असेल, तर तसेही स्पष्ट छापावे. बार्बाडोसपुरती ही माहिती वर आलीच आहे. तिच्यापासून सुरुवात करता येईल.

आपली,
एक नियमित वाचक